मालगुजाराचे गुरुजी

रायगढपासून राजनांदगावपर्यंत कुठेही जा, हुकूम होताच खाली बसणारा, उजवा पंजा पुढे करून शेकहँड करणारा आणि फेकलेला चेंडू तोंडात धरून आणणारा आमच्या साडभाऊंइतका तयारीचा प्राणी तुम्हाला सापडणार नाही. त्यांचा कुत्रा त्यांच्या खालोखाल.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात नव्या पोट्ट्यांना काम शिकवलं आणि रिटायर होताना तिथून एकच सूत्र घरी आणलं : "सांगून कोणी शिकत नाही, लेका. आपण करा लागते, त्यानं पाहा लागते." या सूत्राचा पहिला बळी मी. मला पोहायला शिकवायचं म्हणून त्यांनी मला तलावावर नेलं, काठावर बसवलं आणि स्वतः सकाळपासून दुपारपर्यंत पोहले. माशांनी कंटाळून जागा बदलली, पण हे बाहेर येईनात. मी आजही उत्तम काठावर बसतो. ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, स्कूटर शिकवली तेव्हा चालवत होते ते, आणि मागच्या सीटवर ताई "मले कधी देता?" विचारत रायपूरच्या तात्यापाऱ्याच्या गल्ल्या मोजत होत्या.

त्याच तात्यापाऱ्यात एका मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर त्यांना हे पिल्लू मिळालं. ते जुन्या गावमालकाच्या ऐटीत पसरलं होतं, ती ऐट पाहून साडभाऊंनी जागच्या जागी बारसं केलं : मालगुजार. पुढे त्यांच्या मुलानं तेलीबांध्याला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा सामानाबरोबर मालगुजारही लिफ्टनं वर गेला आणि गच्चीवर शाळा भरू लागली. 'बैस' म्हणायचं आणि साडभाऊंनी बसायचं. 'लोळ' म्हणायचं आणि साडभाऊंनी लोळायचं. चेंडू स्वतः फेकायचा, स्वतः धावायचं, आणि दात घट्ट असल्याचा गर्व मिरवत स्वतःच तोंडातून आणायचा. समोरच्या इमारतीतल्या बायका वाळवण घालायचं सोडून बघत उभ्या राहायच्या. मालगुजार मान तिरकी करून सगळं पाहायचा, आणि मग अगदी तसंच करून दाखवायचा. जेवणाचंही तेच. साडभाऊंनी पहिला घास घेतल्याशिवाय तो भांड्याला तोंड लावत नसे. "पाहा," ते मला म्हणायचे, "शिस्त!" शिष्य गुरूची नक्कल करून राहिला आहे, हुकूम त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही, हे गुरूच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

मग लिफ्टचं प्रकरण झालं. सोसायटीच्या सेक्रेटरीची म्हातारी आई तीजेच्या सणाच्या ठेठरी-खुरमीचा, म्हणजे फराळाचा, डबा घेऊन लिफ्टमध्ये शिरली, आणि आत मालगुजार असा गरजला की डबा एकीकडे, खुरमी दुसरीकडे आणि म्हातारी तिसरीकडे. सोसायटी पेटली. सेक्रेटरीनं फर्मान काढलं : कुत्रा सांगितलेलं ऐकतो हे रविवारी सगळ्यांसमोर सिद्ध करा, नाहीतर भनपुरीला त्यांच्या ओळखीच्या गोदामावर तो साखळीला बांधला जाईल, राखणीला. साडभाऊंचा मुलगाही वैतागलेला. त्यानं सेक्रेटरींना तसा शब्द देऊन टाकला. बापाला म्हणाला, "बाबा, प्लीज. अब बस हो गया."

साडभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. अर्थात मालगुजारही.

रविवारी खालच्या बगिच्यात अख्खी सोसायटी जमली. गेटपाशी गोदामाचा टेम्पो उभा, त्याच्या ड्रायव्हरच्या हातात साखळी. ती मधूनमधून खळकन वाजायची. त्यात साडभाऊंचे गुडघे मागच्याच महिन्यात संपावर गेलेले. जमिनीवर बसायचं नाही अशी डॉक्टरची सक्त ताकीद.

"अंकल जी, बोलिए इसको, बैठे," सेक्रेटरी म्हणाले.

"बैस," साडभाऊ म्हणाले.

मालगुजार उभा.

"बैस रे बाबा."

उभाच. तो साडभाऊंच्या तोंडाकडे पाहतच नव्हता. पाहत होता गुडघ्यांकडे. मास्तर वर्गात आले, खडू हातात घेतला, आता लिहितील, अशा श्रद्धेनं. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साडभाऊंच्याही पडला असावा, कारण त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. साखळी खळकन वाजली.

साडभाऊंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"अहो, बसाचं नाही हं!" ताई मागून ओरडल्या. "काहून जिवावर उठले?"

"चूप राह्य," ते म्हणाले, आणि बसले. गुडघ्यांचा तो आवाज नव्या रायपूरपर्यंत गेला असेल. मालगुजार तत्काळ बसला. साडभाऊंनी डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू अशा थाटात सेक्रेटरीपुढे उजवा हात केला. त्यांनी गोंधळून तो हातात घेतला, तसा मालगुजारानंही पंजा दिला. कोणी हसलं नाही. हसावं की रडावं याचा निकाल लागत नव्हता.

"ये सब ठीक है," सेक्रेटरी हात पुसत म्हणाले, "लेकिन अम्मा पर भौंका था." आणि त्यांनी आईला पुढे बोलावलं. हातात तोच डबा.

म्हातारी एकेक पाऊल टाकत आली. मालगुजाराच्या घशात दूरवरून मालगाडी यावी तशी घरघर सुरू झाली. कान मागे गेले. ड्रायव्हर दोन पावलं पुढे सरकला. मी श्वास धरला. तो अजून पुरता सोडलेला नाही. साडभाऊंना उठता येत नव्हतं, कुत्र्याला धरता येत नव्हतं. त्यांनी बसल्या बसल्या दोन्ही हात जोडले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. "जोहार, दाई."

घरघर थांबली. मालगुजारानं एकदा गुरूकडे पाहिलं, आणि पुढचे पाय पसरून हनुवटी हळूच जमिनीला टेकवली.

म्हातारी थबकली. मग तिनं डब्यातून खुरमी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं तोंड लावलं नाही, साडभाऊंकडे पाहत राहिला. साडभाऊंनी कोपरा मोडून तोंडात टाकला, तेव्हा उरलेली त्यानं खाल्ली. म्हातारी मुलाकडे वळून म्हणाली, "ए कुकुर ला कहूं झन भेज. तोर ले जादा गुनवान हे." म्हणजे याला कुठंही पाठवू नको, तुझ्यापेक्षा गुणी आहे. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "हव, अम्मा." टेम्पो रिकामा परत गेला. साडभाऊंना उचलायला मात्र चौघं लागले, आणि त्यात टेम्पोचा ड्रायव्हरही होता.

त्या बसण्यानं गुडघ्यांचा उरलासुरला कारभार आटोपला. साडभाऊ काठी घेऊन लंगडत चालू लागले आणि आठवड्याभरात मालगुजारही लंगडू लागला. जनावरांच्या डॉक्टरनं पाय दाबून पाहिला, एक्स-रे काढला. पाय ठणठणीत. मग पावसाळ्यानंतर साडभाऊंचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात होते तितके दिवस मालगुजारानं अन्नाला तोंड लावलं नाही. ताईंनी पहिला घास खाऊन पाहिला, मुलानं खाऊन पाहिला. तो नुसता दाराकडे बघत बसला.

परवा सकाळी मी गेलो, तर साडभाऊ आतल्या दाराच्या आड उभे, काठीवर रेलून. बाहेर दूध-पोळीचं भांडं आणि त्यापुढे मालगुजार.

"काय करून राहिले, भाऊ?"

"शिकवून राहिलो." आवाज एकदम हळू. "मी नसलो तरी जेवाले."

"मग?"

"मंग काय. बाकी सारं करून दाखवलं. हे कसं करून दाखवू, तूच सांग."

आम्ही दोघं दाराच्या फटीतून पाहत राहिलो. पोळी दुधात फुगून वर आली. शेवटी साडभाऊ लंगडत बाहेर गेले आणि पोळीचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला. मालगुजार जेवू लागला.

"उद्या पाहू," ते म्हणाले.

ताई म्हणतात, ते रोज हेच म्हणतात.