वाळूत तरंगायला निघालेली जीप

रामनाथची अक्कल नेमकी कधी शेण खायला गेली, असं वेसाव्याच्या कोळीवाड्यात कुणी विचारलं, तर तो स्वतःच सांगतो: जुनी फोर-व्हील जीप घेतली त्या दिवशी. "पन्नाशीत लोकांना चाळे सुचतात, मना चाकं सुचली," असं म्हणून तो आधी स्वतः हसतो, म्हणजे समोरच्याला हसायची चोरी राहत नाही.

जीप घेतली ती होडीसाठी. मासेमारी बंद व्हायच्या सुमाराला होड्या किनाऱ्यावर उंच ओढून ठेवायच्या असतात, आणि ते काम एकट्याचं नव्हे. घरटी एक माणूस दोराला लागतो. आज तुमची होडी, उद्या माझी. रामनाथ बापाच्या हयातीपासून हा दोर ओढत आला होता. पण जीप दारात आली आणि त्याला शिंगं फुटली. "आपली होरी आता चार चाकं ओढतील," असं त्याने शेजारच्या सहदेवला भर मासळी बाजारात ऐकवलं आणि यंदा कुणाच्याच दोराला हात लावला नाही. बायको, सखुबाई, म्हणाली, "उद्या गरज लागली तर कुणाच्या तोंडाकडे बघाल?" पण नवऱ्याचे कान इंजिनात होते.

मरोळला संघमित्रा जीप दुरुस्त करते; ही जुनी जीपही तिनेच दुरुस्त करून दिली. जीप ताब्यात देताना तिने बजावलं होतं, "काका, फोर-व्हील लावलं की इंजिनचा जोर चारही चाकांत वाटला जातो, चाक कमी घसरतं. पण जोर इंजिन देतं, पकड जमीन देते. कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील काढा, नाहीतर वळताना स्टिअरिंग जड जाईल. आणि वाळूत जायच्या आधी टायरची हवा कमी करा."

पहिली गोष्ट तो विसरला, आणि अंधेरीच्या एका वळणावर स्टिअरिंगशी कुस्ती खेळत रिक्षावाल्यांच्या शिव्या खाऊन आला. दुसरी मात्र त्याने मुद्दाम मोडली. तीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस तो! हवा भरलेली वस्तू तरंगते, हे त्याला मरोळची पोर शिकवणार? त्याने टायर टम्म फुगवून घेतले.

उधाणाच्या दिवशी भरती चढायच्या आत होडी वर घ्यायची होती. दोर बांधला, जीप चार हात निघाली आणि अडली. पाण्यात होडी अडली की काय करायचं? इंजिनचा जोर वाढवायचा. तेच त्याने केलं. चारही टणक चाकं जागच्या जागी गरगरली आणि एकदिलाने वाळू उपसत खाली गेली. "दोन चाकांची असती तर दोनच खड्डे पडले असते," असं तो आता म्हणतो. तेव्हा त्याने वळून पाहिलं. मागे होडी आडवी झाली होती आणि पाणी तिच्या कडेला लागत होतं. लाटांच्या तोंडी अशी आडवी राहिली तर तिच्या फळ्या सुट्या व्हायला वेळ लागणार नव्हता, आणि त्याचं घर त्या होडीवरच चालत होतं.

बोलवायचं कुणाला? लाजेने त्याचे पाय उचलेनात. सखुबाईने मात्र पदर खोचला आणि तिथूनच हाका मारल्या. ज्यांच्या दोराला त्याने हात लावला नव्हता, ती सगळी घरं धावत आली. सहदेव सगळ्यांत पुढे.

"आदी होरी का गारी?" त्याने एवढंच विचारलं.

"होरी," रामनाथ म्हणाला. मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही.

होडी वर चढली, तेव्हा कुठे त्याने संघमित्राला फोन लावला.

"हवा किती ठेवलीत?"

"फुल्ल."

मग ती म्हणाली, "अर्ध्याहून जास्त काढा. चाकांपुढची वाळू उकरा आणि पहिल्या गिअरात हळू निघा. रेस द्यायची नाही, काका."

टायर भाकरीसारखे पसरले, चारही चाकांनी थोडी थोडी वाळू धरली, आणि पाणी जीपच्या पायरीला लागता लागता ती रांगत बाहेर आली.

ओशाळलेल्या रामनाथला आता भरपाईची घाई झाली. पुढची होडी सहदेवची होती. "थांब, जीप लावतो. आता जमतंय मना."

सहदेवने त्याच्या हातातली किल्ली काढून सखुबाईकडे दिली. "गारी राहू दे रं. मानसं कमी हायेत. तू ये."

रामनाथ दोराला लागला. डोळे भरून आले होते, पण दोर सोडून पुसणार कसे?