चार दिवसांचं पॅकिंग

बुधाजी मिस्त्रीची अकोल्यात दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक म्हणजे तो गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचा, आणि दुसरी म्हणजे तरीही गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं नाही. पंधरा वर्षं कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटरकी करून तो मोटारींकडे वळला होता. तोंडाने तुसडा, हाताने सोन्यासारखा. देवाने, म्हणजे बुधाजी आता ज्याला मानत नव्हता त्याने, दोन्ही एकाच माणसात का घातलं कोण जाणे.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत पातूरकडचे मोठे कास्तकार केशवराव यांची मोटार त्याच्या दारात आली. युद्धाआधीची अमेरिकन गाडी. इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर तिला होता. बुधाजी त्याला फुंकणी म्हणे. घाटात भल्याभल्यांना मागे टाकणारी ही गाडी उभी राहिली की मात्र अंगात आल्यासारखी थरथरायची आणि बंद पडायची.

ड्रायव्हर महादेवराव खाली उतरला तो रडवेला होऊनच. वीस वर्षं त्याने ही एकच गाडी चालवली होती.

"अमरावतीच्या गॅरेजवाल्यानं सांगतलं, डायवरनं गाडी रगडली, फुंकणी खलास झाली. मालक म्हणते गाडी भंगारात देतो, अन् तू घरी बस. या वयात मले कोन ठेवते, बुधाजी? आज दुपारी ते सोता येऊन राह्यले."

"रडू नको. बाजूले सरक," बुधाजी म्हणाला. त्याच्या परीने ही समजूतच होती.

त्याने एकेका प्लगची तार काढून पाहिली. सगळे सिलिंडर सारखेच कुरकुरत होते, म्हणजे दोष एकट्यादुकट्याचा नव्हता. फुंकणी उघडून पाहिली, ती ठणठणीत होती. मग वारा लागू नये म्हणून त्याने पंख्याचा पट्टा उतरवला, खिशातून रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, चिमूटभर पुंजका काढला आणि चालू इंजिनावर सांध्यासांध्यापाशी धरत गेला. ही जिनातली युक्ती. जिथे चोरून हवा आत जाते तिथे रुई ओढली जाते. फुंकणीच्या खालच्या सांध्यापाशी पुंजका सुळकन जाऊन चिकटला.

"सापडलं!" महादेवराव ओरडला.

बुधाजीने सांधा खोलला आणि त्याचा चेहरा उतरला. आत साबण लावलेला पुठ्ठा होता, पेट्रोलने कुजून चिंध्या झालेला. पुठ्ठा त्याच्या स्वतःच्या कात्रीचा होता. सव्वा वर्षापूर्वी, नागपूरला बौद्ध धम्माच्या दीक्षेला निघायच्या आदल्या संध्याकाळी ही गाडी आली होती. सांध्यातून हवा जाऊ नये म्हणून बसवतात त्या पक्क्या पॅकिंगचा पत्रा घरात नव्हता. चार दिवस चालेल असा पुठ्ठा त्याने कापून बसवला, आल्यावर बदलू म्हणाला, तेही मनातल्या मनात. परत आला तो दुसराच माणूस होऊन. त्या आनंदात पुठ्ठा विसरला तो विसरलाच.

दुपारी भाकर घेऊन आलेल्या बायकोला, मनकर्णाला, त्याने हळूच सगळं सांगितलं. पक्कं पॅकिंग तोवर बसलं होतं आणि गाडी शांत घुमत होती. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं.

"केशवराव काय म्हनतीन, ठाव हाये ना?" मनकर्णा म्हणाली. "म्हनतीन, धरम बदलला अन् काम बिघडवलं. एकट्या तुमाले नाई म्हनाचे, आपल्या समद्याइले म्हनतीन."

त्याला नेमकी तीच भीती होती. स्वतःची अब्रू गेली असती तर त्याने पचवलं असतं.

तीन वाजता केशवराव आले. इंजिनाचा आवाज ऐकून खूश झाले आणि लगेच महादेवरावकडे वळले. "म्हंजे बिघडवली यानंच होती ना, मिस्त्री? रगडूनच?"

महादेवराव खाली पाहत उभा होता. बुधाजीने कुजका पुठ्ठा केशवरावांपुढे धरला.

"डायवरचा दोष नाई, मालक. हे माह्यं काम. नागपूरले जाच्या घाईत कच्चं पॅकिंग टाकलं, अन् बदलवाचं इसरलो."

केशवरावांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "असं! तिकडं दीक्षा घेतली, अन् इकडं कामावरचं ध्यान उडालं."

बुधाजीचे कान लाल झाले. एरवी त्याने पाना फेकला असता, पण तो सावकाश बोलला. "चूक माह्या हाताची हाये, मालक. नागपूरची नाई."

केशवराव गाडीत बसले. मजुरी त्यांनी विचारली नाही आणि बुधाजी घेणारही नव्हता. त्यानंतर त्यांनी गाडी त्याच्याकडे कधीच पाठवली नाही, आणि त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या गाड्याही बंद झाल्या. बुधाजीला ते लागलं. मनकर्णाजवळ त्याने ते कबूलही केलं.

महादेवरावची नोकरी मात्र राहिली. मालकाला स्टेशनावर सोडून परतताना तो मुद्दाम वाकडी वाट करून दुकानासमोर थांबायचा. खाली उतरायचा नाही, बोलायचाही नाही. इंजिन चालू ठेवून मालकाचं पेट्रोल जाळत दोन मिनिटं नुसता बसायचा. बुधाजी हातातलं काम ठेवून ऐकायचा. गाडी जराही थरथरत नव्हती.