इंजिन बंद करायच्या आधी

रात्री उतरलेलं धुकं सकाळ झाली तरी उठायचं नाव घेत नव्हतं. समोरच्या विजेच्या खांबाचा खालचा अर्धा भाग तेवढा दिसत होता, वरचा कुणी पुसून टाकल्यासारखा. शेडचं शटर वर ढकलताना गार पाणी सोफेवाल्याच्या मनगटावरून थेट बाहीत शिरलं. त्याने दोन शिव्या हासडल्या, एक शटरला, एक थंडीला, आणि स्टूल ओढून बसला.

काम न्हाव्याच्या खुर्चीचं होतं. रेक्झिन फाटून आतला फोम बाहेर लोंबत होता. पकडीने एकेक जुनी पिन उपटून तो डब्यात टाकत होता आणि मधूनच मान वळवून दाराकडे बघत होता. डब्यातला टणटण आवाज थांबला, की घरातून बायको ओरडे, "अजून नाही आली ती गाडी बघणारी नर्स. आली की कळेलच की!"

दारात गाडी उभी होती. राखाडी, चार दारांची, आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. गल्लीतले लोक तिला बसलेली म्हैस म्हणायचे. पण ही म्हैस उठली की भल्याभल्यांना मागे टाकायची. मिस्त्री म्हणजे सोफेवाल्याचा शाळेपासूनचा दोस्त, गॅरेजवाला. त्या दोघांनी वर्षानुवर्षं रविवार घालून ती उभी केली होती. मूळचा टर्बो काढून मोठा टर्बो बसवला, स्प्रिंगा आखूड केल्या, क्लच असा कडक घातला की नवखा माणूस दोन सिग्नलांत लंगडायला लागे. सीटा मात्र सोफेवाल्याने स्वतः शिवल्या. वेग सोडला की बोनेटखालून फुस्स करून शिट्टी निघायची, म्हणून गल्लीतली पोरं त्याला शिट्टीकाका म्हणत. त्याला ते आवडायचं, पण चेहऱ्यावर दाखवायचा नाही.

आणि गाडी काही झाकून ठेवायची नव्हती. रोजची होती. सकाळी बायकोला बसस्टँडवर सोडायचं, ती तिथे तिकीट खिडकीवर बसायची. मग फोमचे तक्के मागच्या सीटवर कोंबायचे, टपावर रेक्झिनचे रोल बांधायचे. एकदा तर अख्खा दोन माणसांचा सोफा टपावर घालून आणला होता. मिस्त्री कपाळ बडवत म्हणाला होता, "अरे, पोरीला पैठणी नेसवून शेण उचलायला लावतोस!"

"मग नुसती बघत बसू का तिच्याकडे?" सोफेवाला म्हणाला होता. "चालवायची गोष्ट चालवायची."

या गाडीचा एक नियम होता. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो तापून लाल होतो. गाडी थांबल्या थांबल्या चावी फिरवली, तर त्याला थंड करणारं तेल जागच्या जागी जळतं. म्हणून घरी पोचलं तरी इंजिन थोडा वेळ चालू ठेवून बसायचं, आणि मग बंद करायचं. ही सवय सोफेवाल्याच्या हाडात मुरली होती. संध्याकाळी तो आणि बायको दारात येऊन पोचायचे, आणि इंजिन हळूहळू निवेपर्यंत तसेच बसून राहायचे. दिवसभराचं जे काही बोलायचं असे ते तिथेच बोलून व्हायचं. घरात शिरल्यावर दोघंही गप्प माणसं.

मग पाठीने दगा दिला. एवढी वर्षं वाकून शिवण्याचं बिल तिने डाव्या पायावर फाडलं. शीर दबली, आणि पाऊल मेल्यासारखं झालं. चप्पल पायातून गळून पडली तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. हा म्हणाला, बघू. आणि एका संध्याकाळी बायको फाटक उघडत असताना त्याचं पाऊल क्लचवरून घसरलं. गाडीने पुढे उडी मारली आणि बंपर आणि तिचा गुडघा यांच्यामध्ये बोटभर जागा ठेवून बंद पडली. हातातली दुधाची पिशवी फुटून तिचे पाय पांढरे झाले. ती ओरडली नाही. पाय धुऊन आली आणि म्हणाली, "विका."

तेव्हापासून गिऱ्हाइकं येत होती. मिस्त्रीने सांगून पाहिलं, "सगळं काढ, मूळची करून टाक, सुटं सुटं वीक. जास्त मिळतील." सोफेवाला म्हणाला, "हात तोडून विकू आणि पाय तोडून विकू? जाईल तर आख्खी जाईल. आणि रस्त्यावर राहील." एवढंच त्याला हवं होतं. किमतीचं त्याने कधी ताणलं नाही.

पण त्याने मनाशी एक परीक्षा ठरवली होती. गिऱ्हाइकाला गाडी चालवायला द्यायची, स्वतः शेजारी बसायचं, परत आल्यावर तोंड मिटून त्याच्या हाताकडे बघायचं. थांबल्या थांबल्या चावी फिरवली, की तो माणूस बाद. कुणाला काही सांगायचं नाही. आतापर्यंत तिघे बाद झाले होते.

"गाडी विकताय की मुलगी देताय?" बायको म्हणायची. "अशाने म्हातारी होईल ती दारात."

धुक्यातून नर्स आली. पायीच. रात्रपाळी करून आली होती, डोळे सुजलेले, पण हसरी. हॉस्पिटल टेकडीपलीकडे, रात्री उशिरा बस नसते, आणि आईला महिन्यातून दोनदा तपासायला न्यायचं असतं, असं तिने खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं.

"काका, मागच्या सीटवर आईला आडवं होता येईल का?"

"एवढाले तक्के आडवे होतात," सोफेवाला म्हणाला, "आईचं काय!"

ती खळखळून हसली. मग गाडीत बसली, सीट पुढे ओढली, आणि अशी काही चालवली की सोफेवाला बघतच राहिला. खड्डा दिसला की आधीच वेग कमी, वळणाला हात शांत. कडक क्लचवर एकदा अडखळली, "अगं बाई, काय पाय मागतेय ही!" म्हणाली, आणि पुन्हा जमवलं. वेग सोडल्यावर शिट्टी झाली तेव्हा दचकून म्हणाली, "काही फुटलं का?"

"नाही हो ताई. श्वास टाकते ती."

"मग आमच्यासारखीच. रात्रपाळी संपली की आम्हीपण असाच टाकतो."

सोफेवाल्याचा जीव अर्धा तिच्याकडे झुकला. परत दारात आले. तिने गाडी नीट लावली, ब्रेक ओढला, आणि चावी फिरवली. इंजिन गप्प. गरम लोखंडाचा टिक टिक आवाज तेवढा राहिला.

"मला आवडली, काका. आजच ठरवू या?"

तो काचेबाहेर बघत होता. "विचार करून कळवतो, ताई."

ती धुक्यात दिसेनाशी झाल्यावर बायको दारात आली. पदर खोचलेला, म्हणजे आता सुटका नाही. "विचार कसला? एवढी गुणाची पोर. रोज वापरणार, सांभाळणार."

"लगेच बंद केली तिने. गाढवाला गुळाची चव काय."

"तिला कुणी सांगितलं होतं का? तुम्हाला तरी आईच्या पोटात शिकवलं होतं? त्या मिस्त्रीने सांगितलं म्हणून कळलं. तुम्ही एका वाक्यात सांगायचं होतं तिला."

सोफेवाल्याने पकड उचलली. न्हाव्याच्या खुर्चीची पिन उपटता उपटेना.

पुढच्या आठवड्यात आला तो माणूस पांढऱ्या बुटांचा. बूट इतके स्वच्छ की शेडच्या दारातली चिखलाची पट्टी त्याने उडी मारून ओलांडली. फार बोलला नाही. बोनेट उघडलं, वाकून कान लावला, हवेच्या पाइपवरून बोट असं फिरवलं की जसा जाणता माणूस कापडाचा पोत बघतो. मग चालवली. थोडी जोरात, पण हिशोबाने. दारात परत आला, गाडी थांबवली, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. इंजिन चालू. धुकं काचेवर थेंब होऊन घसरत होतं. बऱ्याच वेळाने आवाज मऊ झाला, तेव्हा त्याने सावकाश चावी फिरवली.

सोफेवाल्याने विचारलं, "रोज चालवाल ना?"

"काळजी सोडा," पांढऱ्या बुटांचा माणूस म्हणाला. "मला माल कळतो."

संध्याकाळी गाडी गेली. वळणावर एकदा शिट्टी ऐकू आली. बायको फाटकाला कडी लावत म्हणाली, "गाडीला माल म्हणाला तो."

"शब्दात काय आहे? हात बघितलास ना त्याचा?"

त्याचं चालवणं सुटल्यापासून ती बसनेच जायची, पण परतल्यावर दोघं उभ्या गाडीत बसून बोलत. आता संध्याकाळी परतली की सरळ आत जाऊन चूल पेटवी. दारात बसायला आता काही नव्हतं, आणि नुसतं फाटकापाशी उभं राहून बोलायचं दोघांना जमलं नाही. नर्सचा एकदा फोन आला. विकली म्हणून कळवलं. "चांगल्या घरी गेली ना, काका?" असं तिने विचारलं. तो हो म्हणाला.

ऊन तापायला लागलं तेव्हा एक गिऱ्हाईक सीट घेऊन आलं. दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस, मान आखडलेली. "हिला खाली चाकं लावायचीत, आणि बाजूचे हे फुगीर कान कापून टाकायचेत. घरी बसायला खुर्ची करतोय."

सोफेवाल्याने सीट उलटी केली. पाठीमागे, खालच्या शिवणीत, बोटभर टाके तपकिरी होते. त्या दिवशी राखाडी दोरा संपला होता, आणि मागचं कोण बघतंय म्हणून त्याने तसंच रेटलं होतं.

"कुठून आणली?"

"तो पार्टवाला आहे ना हायवेला, गाड्या फोडणारा. इंजिन, टर्बो, सगळं कुणी शर्यतवाल्याने नेलं होतं. मी गेलो तेव्हा नुसता सांगाडा. दारंसुद्धा नाहीत!"

"पांढरे बूट?"

"हो! ओळखता?" माणूस खूश झाला. "फार काटेकोर आहे हां. माझ्यासमोरच दुसरी एक गाडी चालवून आणली, पण लगेच बंद नाही केली. म्हणाला, टर्बो जळला तर भाव पडतो."

सोफेवाला सीटच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. कुठे बसून बसून दबलं होतं, ते त्याला न बघता सापडत होतं.

"दुरुस्त होईल ना?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"होईल. शनिवारी या."

बायको कामावरून आली. शेडच्या दारात थबकली. सीटकडे बघितलं, मग त्याच्याकडे. ओळखायला तिला दोरा बघावा लागला नाही.

"ती नर्स माझ्याच खिडकीवर तिकीट काढते," ती म्हणाली. "कधी कधी आई असते बरोबर. म्हातारीला बसची पायरी चढवत नाही, कंडक्टर हाताला धरतो."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"बोलली नाहीस."

"बोलून काय, गाडी उलट्या पावली येणार होती?" तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मग ती आत गेली. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

त्याने कमरेचा सैल झालेला पट्टा घट्ट केला, मशीनपाशी सरकला आणि खालची झडप उघडली. बॉबिन रिकामी होती. तपकिरी टाक्यांच्या जागी घालायला त्याने राखाडी रीळ खिळ्याला अडकवलं आणि उजव्या पायाने पेडल दाबून बॉबिन भरायला लावली.