उष्टी रायफल

माझा भाऊजी देवमन हा गावातला सगळ्यात नावडता माणूस होता, आणि तो मान त्यानं स्वतःच्या तोंडानं मिळवला होता. तो कुणाच्या ओट्यावर बसायचा नाही, कुणाच्या पंगतीत वाढायला उभा राहायचा नाही, आणि कुणी सहज 'कसं काय?' म्हटलं तर 'दिसत नाई का?' असं विचारायचा. सतरा वर्षं पलटणीत काढून हवलदार म्हणून तो पेन्शनीत निघाला. सोबत आणली एक पत्र्याची पेटी, एक रुंद पट्टा आणि जगातल्या प्रत्येक वस्तूत खोट काढायची सवय. माझी बहीण पंचफुला त्याला दिली होती म्हणून मी त्याला सहन करायचो. तोही मला सहन करायचा, कारण मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि त्याला अर्ज लिहून देणारा माणूस लागायचा.

रिसोडपासून सहा मैलांवरच्या आमच्या गावात त्यानं माळाला लागून पाच एकर वावर घेतलं. ते स्वस्तात मिळालं, कारण त्या माळावर काळविटांचा कळप होता. चाळीस-पन्नास जनावरं. हरभऱ्याला घाटे धरले की कळप खाली उतरायचा, आणि जे खायचा नाही ते तुडवून जायचा. गावानं देवमनला वेड्यात काढलं. त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं, त्यामुळे सल्ला न घेतल्याचा राग वर आणखी.

पण हरणं आपल्या मनानं येत होती तोवर ठीक होतं. त्यांना आणून सोडणारा माणूस होता जगदेव पाटील. साठ एकरांचा धनी, शिवाय गावचा पोलीस पाटील. थंडीत हाका घालायचा आणि शिकार करायची हा त्याच्या घराण्याचा शिरस्ता. एका बाजूनं माणसं डबे बडवत, ओरडत चालायची आणि दुसऱ्या बाजूला पाटील दुनळी बंदूक घेऊन बसायचा. ही बडवणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आमची असायची, आणि मोबदल्यात खूर आणि आतडी मिळायची. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि दुसऱ्याच थंडीत सांगून टाकलं की हाक्याला कुणी येणार नाही. जगदेव तेव्हा हसला होता. पुढं देवमननं वावर घेतलं आणि पाटलानं हाक्याची दिशाच बदलली. सालदारांना अशा बाजूनं उभं करायचा की बंदुकीच्या तावडीतून सुटलेला सगळा कळप देवमनच्या हरभऱ्यातून पार व्हावा.

देवमन जाब विचारायला गेला. चावडीसमोर चार माणसांत जगदेव म्हणाला, "हरनाले सातबारा वाचता येते का? त्याले काय मालूम, वावर कोनाचं हाये."

चार माणसं हसली. मीही तिथं होतो. मी हसलो नाही, पण काही बोललोही नाही.

देवमननं मग बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवलं. पीक राखण्यासाठी, असं मी लिहिलं. हरणं मारणार का, हा माझा प्रश्न होता, कारण दर पौर्णिमेला तो पंचशील म्हणायचा. तो म्हणाला, "चार गोळ्या पायापुढं मातीत मारल्या का कळप त्या वावरात पुन्यांदा पाय ठेवत नाई. पन मातीत जिथं मारतो म्हनीन तिथंच लागली पाह्यजे." म्हणून त्याला तोंडातून दारू ठासायची भरमार नको होती, छर्ऱ्याची बंदूकही नको होती. रायफलच हवी होती, पेन्शनीत बसेल अशी. वाशीमच्या एका बंदूकवाल्याकडं त्यानं जुनी तीनशेपंधरा बोअरची रायफल हेरूनही ठेवली. तिचा लाकडी दस्ता तडकलेला होता आणि तारेनं बांधलेला होता.

तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, कलेक्टर अकोल्याला बसायचे. अर्ज अकोल्याला गेला, तिथून ठाण्यात आला आणि ठाण्यानं पोलीस पाटलाकडं अहवाल मागितला. अर्जदाराची वागणूक कशी, शस्त्र द्यायला हरकत आहे का. म्हणजे लोणी राखायला बोकाच. चार महिने तो कागद जगदेवच्या कपाटात पडून राहिला.

सत्तर सालच्या दिवाळीनंतर जगदेवचा सालदार पुंजाजी देवमनच्या दारात आला. पाटलांनी बोलावलंय म्हणाला. देवमननं त्याला परत पाठवलं, ज्याचं काम त्यानं यावं. दुसऱ्या दिवशी जगदेव खरोखर आला. रस्त्यातच उभा राहिला, अंगणात पाय घातला नाही. हरणं आता दुनळीच्या टप्प्यात येत नव्हती. त्याला रायफलीचा परवाना मिळाला होता, पण नवीला पैसा घालायचा नव्हता आणि जुन्यातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. देवमननं वाशीमला येऊन स्वस्तातली चांगली रायफल निवडून द्यावी, मग तो कागदावर चांगलं लिहून देईल, असा सौदा होता.

पंचफुला चुलीपाशी बसून ऐकत होती. तो गेल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, ज्या बंदुकीनं तो आपल्या वावरात हरणं घालणार, तीच तुम्ही त्याला निवडून देणार काय? देवमन म्हणाला, कागद सुटला पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं म्हणणं पटलं.

आम्ही तिघं एसटीनं वाशीमला गेलो. जगदेव पुढं बसला, आम्ही मागं.

दुकानदार म्हातारा बोहरी होता. दुकानात नवी रायफल एक आणि जुन्या दोन. जगदेवनं आधी थ्रीनॉटथ्री मागितली, तर दुकानदारानं सांगितलं की ती फौजेची, रयतेला मिळत नाही. नवीची किंमत ऐकून त्यानं ती खाली ठेवली. मग त्याचा हात गेला जुन्यातल्या एकीवर. दस्ता अक्रोडाचा, पॉलिश केलेला, वर चांदीची पट्टी. कुठल्याशा जहागीरदाराची होती म्हणे. दुसरी होती तारेनं बांधलेली.

देवमननं चांदीवालीचा बोल्ट काढला. मागच्या भोकाशी अंगठ्याचं नख तिरपं धरलं, उजेड नखावर घेतला आणि पुढून नळीत डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग दुकानदाराकडून एक काडतूस मागून घेतलं आणि गोळीचं टोक नळीच्या तोंडात घातलं. गोळी पितळेपर्यंत आत गेली. तारवालीत घातली तर अर्ध्यावरच अडकली.

"हिची नळी तोंडाशी खाल्ली हाये," तो चांदीवालीकडं बोट करून म्हणाला. "आतले आटे संपले. गोळी सरळ निंगनार नाई, कुठीही जाईन. थे तारवाली घ्या. दस्ता सुतार नवा करून देते, नळी कोनी करून देत नाई."

मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिलो. ज्या रायफलीसाठी तो सहा महिने झुरत होता, तीच तो या माणसाच्या हातात देत होता. मला त्याचा रागच आला. एवढा खरेपणा कुणाच्या कामाचा? चांदीवाली चांगली आहे म्हणाला असता तर जगदेव नाचत घेऊन गेला असता, आणि तारवाली आपल्याला राहिली असती. पुढं एकदा मी हे बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, खराब हत्यार चांगलं म्हणून कुणाच्या हातात द्यायचं नसतं, दुश्मनाच्यासुद्धा, कारण पुढं उभा राहणारा माणूस दुसराच असतो.

जगदेवनं तारवाली उचलली. किंमत कमी होती, त्याला बरंच वाटत होतं. पैशांसाठी त्यानं कोटात हातही घातला. तेवढ्यात दुकानदार भलेपणानं बोलून गेला, "लेकिन हवलदारसाब, ये तो आपने अपने लिए रखने को बोली थी ना?"

जगदेवचा हात कोटातच राहिला. त्यानं देवमनकडं पाहिलं, मग रायफलीकडं. ती त्यानं दुकानाच्या फळीवर अशी ठेवली की मी तो आवाज अजून विसरलो नाही.

"तुयी उष्टी रायफल म्या घेऊ?" तो म्हणाला. "तुया हात फिरलेली, तुया नावानं ठेवलेली?"

दुकानदाराला काहीच समजलं नाही. बिचारा सांगत राहिला की बंदुकीला असलं काही नसतं, इथल्या सगळ्याच कुणी ना कुणी वापरलेल्या आहेत. जहागीरदाराची वापरलेली चालत होती. जगदेवनं जास्त पैसे मोजले आणि चांदीवाली घेतली. परत येताना मी कागदाची आठवण करून दिली तर म्हणाला, रायफल त्यानं स्वतः निवडली, देवमननं नाही, मग सौदा कसला?

थंडीचा पहिला हाका निघाला. तिथं मी नव्हतो. जे झालं ते पुंजाजीनं सांगितलं, आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं आणि भीतीही वाटत होती. दीडशे पावलांवर काळवीट आडवं उभं होतं. जगदेवनं पाच गोळ्या झाडल्या. काळवीट पहिल्या आवाजालाच पळून गेलं, तरी हा बार काढतच राहिला. पलीकडं लांब, त्याच्याच वावरात, त्याचाच पांढरा बैल चरत होता. तो गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. गोळी मानेतून गेली होती.

आता मेलेलं ढोर ओढणं हेही पूर्वी आमच्याच वाट्याचं काम. तेही छप्पन साली सुटलं होतं. तेव्हापासून ज्याचं ढोर त्यानं पुरावं असं चाललं होतं, आणि लोक बोटं मोडत का होईना पुरत होते. पण हा बैल म्हातारपणानं मेला नव्हता, मालकानं मारला होता. सालदार लांब उभे राहिले. गोहत्येचं पाप अंगाला लागेल म्हणून एकानंही दोराला हात लावला नाही. आणि गावात बोभाटा व्हायच्या आत तो बैल वावरातून हलणं जगदेवला जरूर होतं.

दुपारी तो देवमनच्या घरी आला. या वेळी सरळ अंगणात शिरला आणि बाजेवर बसला. खिशातून तोच कागद काढला. अहवाल लिहिलेला होता, चांगला लिहिलेला होता, फक्त सही बाकी होती. देवमननं आमच्या बौद्धवाड्यातली चार माणसं घेऊन बैल नाल्यात ओढून टाकायचा आणि कुठं बोलायचं नाही, एवढंच काम. सही तिथंच, बाजेवर बसून करणार होता.

मी तेव्हा देवमनकडंच बसलो होतो. मी त्याला घरात बाजूला घेतलं. मला तो कागद डोळ्यांसमोर दिसत होता, मीच अर्ज लिहिला होता, आणि तारवाली रायफल अजून दुकानात होती. मी त्याला समजावलं. एकदाच तर आहे. कुणाला कळणार नाही. एक बैल ओढल्यानं पाच एकर वाचतात. मान वगैरे ठीक आहे, पण पोराबाळांचा घास पाहावा. मी बराच वेळ बोललो, आणि चांगलं बोललो, शिकलेला माणूस बोलतो तसं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुमी येता वढाले?"

मी शाळेचा मास्तर, अंगावर इस्त्रीचा सदरा. माझ्या मनातही आलं नव्हतं की त्या चार माणसांत एक मी असेन. लाज वाटली म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर आधी राग आला, मग लाज वाटली.

देवमन परत अंगणात गेला. "पाटील," तो म्हणाला, "बैल तुमचा, गोळी तुमची. तुमीच वढा."

जगदेवनं कागदाची घडी केली. जाताना एवढंच म्हणाला की परवाना कसा मिळतो ते पाहतो. मग त्यानं आणि त्याच्या दोन भावांनी दुसरी बैलजोडी जुंपून दिवसाढवळ्या तो बैल नाल्यापर्यंत नेला, आणि सारं गाव बांधावर उभं राहून बघत होतं. महिन्याभरात अर्ज नामंजूर झाल्याचा हुकूम आला. सदर इसम भांडखोर असून त्याच्या हाती शस्त्र देणे गावाच्या शांततेस धोकादायक आहे, असं त्यात होतं. तो मीच देवमनला वाचून दाखवला. भांडखोर हा शब्द ऐकून तो म्हणाला, एवढं तरी खरं लिहिलं.

तारवाली कामरगावच्या कुणीतरी नेली. त्या साली पाचही एकर हरभरा हरणांनी खाल्ला. माझी बहीण माघापासून चार महिने दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला गेली, जगदेवच्या सोडून. या सगळ्यात नवऱ्याला तिनं एकदाही बोल लावला नाही. उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिनं चहा पुढं ठेवला आणि दारात उभी राहून म्हणाली, "थ्या दिवशी तू जे बोल्ला ना, थे म्या चुलीपाशी बसून सारं आयकलं." मग ती पाटी घेऊन कामावर निघून गेली, आणि मी तिच्या घरात एकटा बसून राहिलो.