आधी डोळा दाखव

बाहत्तरच्या दुष्काळानंतर वाटूरला ज्या नर्सबाई येत, त्या 'कशी आहेस?' असं कधी विचारत नसत. समोरच्या बाईची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग पाहत. लाल दिसला की 'बराबर' म्हणत. पांढरट दिसला की लोहाच्या गोळ्या देत आणि विचारत, "काल भाजी काय होती? त्यातली तुझ्या ताटात किती आली?" दुसऱ्या प्रश्नाला बायका नुसत्या हसत. बाजारात, देवळात, कुठंही त्यांचा अंगठा पुढे येई. मी तर त्यांना पाहिलं की डोळे मिटून घ्यायचे.

धाकट्या भावाच्या जावळाला आमच्याकडे जेवण होतं. पुरुषांची पंगत बसली, तशा नर्सबाई माझ्या पोटुशी चुलत वहिनीला हाताला धरून घेऊन आल्या.

"बाई, ही गडीमाणसांची पंगत हाय," वहिनीचे सासरे, आमचे तात्या, गुरगुरले. "बायका मागून बसतील."

"मागून भाजी उरती का?" बाईंनी सरळ तात्यांचीच पापणी ओढली. "लालबुंद! तुम्हाला बिलकुल घाई न्हाई." मग वहिनीची ओढून दाखवली. "हे बघा, चुन्यावानी. पोटातल्या लेकरानं कशावर वाढावं?"

तात्या उठले. आता भांडण होणार, असंच मला वाटलं. त्यांनी वाढप्याकडून भाजीची बादली घेतली, वहिनीला आपल्या जागेवर बसवून पत्रावळीवर भरपूर भाजी वाढली आणि बायकांकडे वळून ओरडले, "आणखी कोणाची पापणी पांढरी हाय? जल्दी या!"

नर्सबाईंचा अंगठा तयारच होता.