वहीत न लिहिलेले सारस

मुजावर गेल्याचं मला कळलं तेव्हा मी दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या सोसायटीच्या गेटवर भाजीवाल्याशी भांडत होते. मेथीच्या जुडीत निम्मं गवत होतं. फोन वाजला म्हणून बघितलं, तर आमच्या ‘रविवारचे पक्षीवाले’ या ग्रुपवर एकच ओळ होती : मुजावरसाहेब पहाटे गेले. तिच्याखाली चार-पाच जणांनी हात जोडले होते आणि त्याखाली कोणीतरी पोपटाचं चित्र टाकून ‘शुभ सकाळ’ म्हटलं होतं. अशी तिडीक गेली माझ्या डोक्यात! भाजीवाला म्हणाला, “आंटी, लेनी है कि नहीं?” मी ती जुडी तशीच उचलून घरी आले, ओट्यावर टाकली आणि बसून राहिले. रडू आलं नाही. त्यांची माफी मागायची राहिली होती. आज मागू, उद्या मागू करत मी दीड वर्ष काढलं, आणि आता मागायला माणूसच नव्हता.

इक्बाल मुजावर मूळचे मिरजेचे. दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत पस्तीस वर्षं काढली, पण बोलण्यातलं “काय ओ” आणि “बघा की” काही गेलं नाही. मीही सरकारी नोकरीतलीच, फक्त मंत्रालय वेगळं. ओळख झाली ती आमच्या सेक्टरच्या बागेत. हा उंच माणूस कडुनिंबाखाली मान वर करून उभा. मला वाटलं, माकड आलंय. “काय आहे वर?” मी विचारलं. ते खाली न बघता म्हणाले, “हळद्या. हळू बोला की ओ ताई, तुमचा आवाज करोल बागेपर्यंत जातोय.” पहिल्याच भेटीत असं बोललेला माणूस मला एकतर अजिबात आवडत नाही किंवा कायमचा आवडतो. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर नजफगढच्या बाजूला गेले. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मग एकेक करत आमचा आठ-दहा मराठी माणसांचा ग्रुप झाला. सगळे सरकारी नोकर, नाहीतर त्यांच्या बायका, नाहीतर नवरे. पोरं यायची ती दिल्लीत वाढलेली, ‘बी-ईटर’ म्हणायची. मुजावर त्यांना थांबवून म्हणायला लावायचे, “वेडा राघू. म्हण बघू. लाजतोस काय, तुला नाही म्हणत वेडा!” शेकाट्या, थापट्या, वंचक... माझी स्वतःची मुलगी हे शब्द त्यांच्याकडून शिकली, माझ्याकडून नाही. मला तरी कुठे येत होते?

आमच्या जाण्याच्या जागा चार-पाच होत्या, पण जीव होता तो एका तळ्यावर. द्वारकेपासून अर्ध्या तासावर, नकाशात नाव नसलेलं, एका बाजूला शेतं आणि दुसऱ्या बाजूला पाणकणसांचं रान. डोक्यावरून विमानं जायची आणि खाली जांभळ्या पाणकोंबड्या निवांत चरायच्या. फिरून झालं की रस्त्यावरच्या टपरीवर चहा, आणि चहाबरोबर हजेरी. मी वही उघडून एकेक नाव वाचायची, ज्यांनी पाहिला असेल त्यांनी हात वर करायचा. किमान दोन हात वर झाले तरच नोंद. हा नियम माझा. जन्मभर फाइलींवर काढलेली बाई मी, दोन सह्यांशिवाय कागद पुढे सरकलेला मला चालत नाही. सुरुवातीला सगळे हसले, पण मुजावर म्हणाले, “बरोबर आहे ताईंचं. नाहीतर रोज गरुड दिसतील आपल्याला.” दुसरा नियम त्यांचा : कॅमेरा आणायचा नाही, फोन गाडीत ठेवायचे. कारण आमच्यातल्या एकाने शिंजिराच्या घरट्याचा फोटो नीट यावा म्हणून आजूबाजूच्या डहाळ्या कातरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी पिल्लं नेली. मुजावरांना एवढं संतापलेलं मी त्याआधी किंवा त्यानंतर पाहिलं नाही. त्या गृहस्थांना त्यांनी भर रस्त्यात गाडीतून उतरवलं होतं.

तर असे आमचे नियम. एक माझा, एक त्यांचा. दोन्ही चांगले होते, आणि दोन्हींनी मिळून आमचा घात केला.

त्या वर्षी तळं बुजवून तिथे बसगाड्यांसाठी मोठं आवार करायचं ठरत होतं. कोणाला हरकत असेल तर महिन्याभरात सुनावणीला या, अशी नोटीस लागली. आमच्याकडे दुसरं काय होतं? बारा वर्षांची वही होती. मी नावं टाइप करायला घेतली. आणि त्याच सप्टेंबरातल्या एका रविवारी, आम्ही बाकीचे टपरीवर बसलेलो असताना, मुजावर एकटेच पलीकडच्या बांधावर गेले. तासाभराने परत आले ते मांड्यांपर्यंत चिखलात. चहा घेतला नाही, बसले नाहीत. “ताई, सारस आहेत. जोडी. आणि मधे पिल्लू आहे ओ, पिल्लू!” पाच फुटी पक्षी, जोडीने राहणारा, आणि त्या तळ्यावर आम्ही एकदाही न पाहिलेला. मी वही उघडली आणि विचारलं, “बरोबर कोण होतं?” ते म्हणाले, “कोण असणार? तुम्ही सगळे इथे भजी खाताय. चला की, दाखवतो. वीस मिनिटं.” पण माझे गुडघे, एकाच्या मुलाची ट्यूशन, कोणाकडे पाहुणे... “पुढच्या रविवारी बघू,” मी म्हणाले, “तोपर्यंत नाही लिहिता येणार.” फोटोचा प्रश्नच नव्हता, फोन सगळ्यांचे गाडीत. मुजावरांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बिल्कुल. नियम म्हणजे नियम.” त्यात टोमणा नव्हता हो. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा पलीकडच्या बांधावर राडारोड्याचे ढीग टाकलेले होते आणि पाणकणसं कापून काढली होती. सारस नव्हते. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हते. मुजावर ढिगावर चढून दुर्बीण लावून उभे राहायचे आणि आम्ही खाली, लग्नाला आलेल्या परक्या पाहुण्यांसारखे.

सुनावणीला आम्ही दोघंच गेलो. मी वही आणि टाइप केलेली यादी घेऊन, मुजावर इस्त्रीचा शर्ट घालून. समोरचा अधिकारी तरुण होता, नम्र होता, उगाच त्याला नावं ठेवणार नाही. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग विचारलं, “मॅडम, ये सब तो हर जगह मिल जाते हैं। कोई बड़ा पक्षी, जो यहाँ बच्चे देता हो? सारस वगैरह? वो हो तो मैं आगे कुछ लिख सकता हूँ।” खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली मला. मुजावर माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर. मी त्यांच्याकडे बघितलं. ते वहीकडे बघत होते. आणि मी, छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेली शहाणी बाई, म्हणाले, “लिस्ट में नहीं है, सर।”

खोटं नव्हते बोलले. यादीत नव्हतेच.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरच घसरले. “तोंडात काय मूग धरले होते का? सांगायचं नाही, मी पाहिलेत म्हणून?” ते चालत राहिले. मेट्रोच्या जिन्यापाशी थांबून म्हणाले, “फाइलवर नाही ते साहेबासमोर बोलू नये, ताई. तुम्हीच सांगा, तुम्ही कधी बोललात?” मी नव्हते बोलले. कधीच नाही.

तळं बुजायला तीन महिनेसुद्धा लागले नाहीत. लोक मला सांगतात, अहो, ते आधीच ठरलेलं होतं, तुमच्या एका ओळीने काय झालं असतं? असेलही. पण ती ओळ लिहिलीच गेली नाही, त्यामुळे आता मला कधीच कळणार नाही. मुजावर नंतर दोन-तीनदा आले, मग त्यांना धाप लागायला लागली. दिल्लीच्या हवेत चांगल्या माणसाला धाप लागते, हे तर सत्तरीला टेकलेले. डॉक्टरांनी हिवाळ्यात सकाळी बाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलं. पक्षी बघणाऱ्याला हिवाळ्यात सकाळी बाहेर पडू नका म्हणजे काय राहिलं? मी फोन करायची. तब्येत, औषधं, मिरजेच्या भावाची मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी आलीय, राजेंद्र नगरला राहते... सगळं बोलायचो. सारसांचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही नाही. ग्रुपच्या फेऱ्या अशाच थांबल्या. आता ग्रुपवर फक्त पोपट येतात.

त्यांच्या चाळिसाव्याला मी गेले. माणसं पांगल्यावर नसीमवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला आतल्या बाल्कनीत नेलं. चौथ्या मजल्यावरची ती बाल्कनी म्हणजे मुजावरांची आजारपणातली जागा. वेताची खुर्ची, कुंड्या, कठड्यावर पाण्याची पसरट थाळी. “पाणी मीच भरते आता,” वहिनी म्हणाल्या. “कबुतरंच येतात. साहेब कबुतरांना हाकलायचे, मी नाही हाकलत.” मला राहवलं नाही. म्हटलं, वहिनी, मुजावरांवर माझ्या हातून अन्याय झाला. सारसांचं सगळं सांगितलं. हजेरी, नियम, सुनावणी. त्या शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “मला ठाऊक आहे ओ. मी पाहिलेत ना ते सारस.”

मला आधी समजलंच नाही.

“त्याच दिवशी दुपारी,” वहिनी म्हणाल्या. “घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, नसीम, चप्पल घाल, मला दुसरं माणूस पाहिजे. मी आयुष्यात कधी गेले नव्हते असल्या चिखलात. पण पाहिले. दोघं मोठे आणि त्यांच्यामधे लहानगं. गाडीत येऊन बसल्या बसल्या त्यांनी तुम्हाला फोन लावला की. तुम्ही म्हणालात, घरचं माणूस धरत नाहीत.”

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर सगळे नियम लिहिलेले आहेत, माझ्याच अक्षरात. घरचं माणूस धरायचं नाही, असा नियम आमच्यात कधीच नव्हता. नवरा-बायकोंच्या जोडीने पाहिलेले कितीतरी पक्षी मी स्वतः नोंदवलेत. आणि तो फोन मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला, आजही करते आहे. रविवारी दुपारी मी जेवून झोपते. झोपेत फोन उचलून काहीतरी बोलून ठेवून देते आणि नंतर विसरते, यावरून घरात माझी थट्टा चालते. तेवढंच झालं असणार. झोपमोड झालेल्या बाईने तोंडाला आलं ते ठोकून दिलं, आणि मुजावरांनी तो नियम मानला. सुनावणीत माझ्या शेजारी बसून, दोन साक्षीदार असताना, मानला.

हे मी वहिनींना कसं सांगणार होते? नाही सांगितलं. नुसतं विचारलं, केवढं होतं हो पिल्लू?

वहिनींनी वाकून हात गुडघ्याशी धरला. “एवढं. विटकरी रंगाचं. साहेब माझ्या मागे लागले होते, नीट बघून घे, पाय कसे, मान कशी, आई कुठल्या बाजूला, सगळं ध्यानात ठेव, ताई एकेक विचारतील. सुनावणी होईपर्यंत रोज घोकून घेत होते माझ्याकडून, म्हणायचे, तुला बोलावतील बघ.” हात तसाच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “सगळं आहे ओ ध्यानात. विचारा की.”