'नको' म्हणणाऱ्यांची नावं

खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण मनातून जात नाही ती सांगलीतली ही साधीशी केस. तिच्यात रक्ताचा थेंब नव्हता. कॉम्प्युटरमधलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, त्यामुळे सांगताना कुठे अडखळलो तर समजून घ्यावं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार ठाण्यात आले आणि एक रंगीत माहितीपुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं.

"साहेब, ह्यावर नाव हाय ते माझ्या पोराचं. फौजेत हुता. गेला. म्या ह्या कंपनीला लिवून कळवलं, आता काय धाडू नगा. बंद झालं हुतं. आन् आता परत त्याच्या नावानं हे, वर पार्सल! त्याची आई ते पार्सल उराशी धरून बसलीया. सोडंना."

कंपनी माधवनगर रस्त्यावर होती. टपालानं घरगुती वस्तू विकायची. हवालदाराला घेऊन मी गेलो. मालक जणू आमची वाटच पाहत होता. 'पाठवू नका' असं कळवणाऱ्यांची नावं ते कॉम्प्युटरवर वेगळी ठेवत आणि पत्ते छापताना वगळत. ती सगळी नावं ऑपरेटर मुलीनं रागापोटी एकदम पुसली, असं त्याचं म्हणणं. तिला कामावरून कमी करणार होते म्हणे.

"पुसायचा प्रोग्रॅम तिचाच," तो म्हणाला, "आणि हा तिच्याच अक्षरातला कागद. कसं पुसायचं, पायरी-पायरीनं लिहिलंय. मला तर साहेब, ते मशीन चालूसुद्धा करता येत नाही."

पुरावा असा घडी घालून हातात आला की मला बरं वाटत नाही. पण अक्षर तिचंच होतं.

मुलगी बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराची, घरातली पहिली पदवीधर. मीही आमच्या घरातला पहिलाच. खुर्चीच्या कडेला टेकून बसायची तिची पद्धत माझ्या ओळखीची होती, म्हणूनच मी आवाज जरा जास्तच कडक ठेवला. अटक झाली असती तर त्या पोरीला पुन्हा कुठल्याच ऑफिसनं दारात उभं केलं नसतं. ठाण्यातून बोलावलेली महिला शिपाई तिच्याशेजारी उभी होती.

"प्रोग्रॅम तुझा?"

"हो, सर. एकच पत्ता दोनदा आला तर पुसायला केला होता. पण दाखवाल ती यादी तो पुसतो."

"मग ही नावं कुणी पुसली?"

"मी नाही."

"मग काय, नावं आपली आपण दिवाळीला गावाला गेली?" हवालदार म्हणाला.

हवालदार बाहेर जाऊन खबर घेऊन आला. कंपनीसमोरचा टपरीवाला त्याला म्हणाला होता, "खंडेनवमीला मशीनची पूजा करून समदी गेली. मालक दुपारी एकलाच आला. शटर अर्धं वडून बसला. च्या बी दारातनंच घेतला गड्या, कदी न्हाई ते." खंडेनवमीला पुजलेल्या यंत्राला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. मग मालक आत काय करत होता?

मी तो कागद पुन्हा वाचला. पहिलीच ओळ होती, 'यंत्र चालू करण्याचे बटण उजव्या हाताला खाली आहे.'

"हे कुणासाठी लिहिलंस?" मी विचारलं. "तुला तर बटण माहीत आहे."

"मालकांनी सांगितलं, सर. अगदी पहिल्यापासून लिही म्हणाले. न येणाऱ्यालाही जमलं पाहिजे."

पुढे एक पायरी होती, 'पुसण्याआधी सर्व नावे फ्लॉपीवर उतरवून घ्यावीत.' रागानं पुसणारा माणूस जपून ठेवत बसत नाही. पण कागदावर बोट ठेवून चालणारा नवखा एकही पायरी गाळायला घाबरतो. म्हणजे फ्लॉपी कुठेतरी असणार.

पंचांसमक्ष मालकाचं कपाट उघडलं. फ्लॉपी निघाली, लेबलवर कुंकवाचं बोट उमटलेली. मुलीनं ती मशीनमध्ये घातली. पडद्यावर नावं उतरवल्याची तारीख आली, खंडेनवमीची. त्या दिवशी मुलगी पूजा झाल्यापासून मिरजेला पाहुण्यांकडे होती, हे आम्ही आधीच तपासलं होतं.

"मालक," हवालदार म्हणाला, "पूजा करून लगेच मशीनला हात लावलासा व्हय?"

मालकानं कपाटाचं दार लोटलं. "नको म्हणणारे फार वाढले होते, साहेब. सणाला सगळ्यांना पाठवायचं होतं. बोंब झाली तर तिच्यावर ढकलता येईल, म्हणून कागद तिच्या हातचा घेतला."

पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. तेव्हापासून एखादा कागद हाती आला की तो काय सांगतो हे मी नंतर पाहतो. तो कुणाला हवा होता, हे आधी विचारतो. नोकरीभर हा संशय उपयोगी पडला. माणसांत वावरताना तो कुठे ठेवावा, हे मात्र मला अजून नीट जमलेलं नाही.

मुलीनं फ्लॉपीवरची नावं परत घातली तेव्हा सुभेदार मागे उभे होते. पडद्यावर त्यांच्या मुलाचं नाव आलं.

"काढ बाई ते," ते म्हणाले.

"बाबा, काढलं तर परत पार्सल येईल. इथं राहिलं तरच थांबेल."

"म्हंजी नाव पुसायचं न्हाई?"

"नाही, बाबा."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नीट ऱ्हाऊ दे."